फील्ड हॉस्पिटलसाठी वैद्यकीय स्वयंसेवक: नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

भूकंपाची बातमी आली की अनेक डॉक्टर आणि नर्स बॅग भरून निघायला तयार होतात. तळमळ खरी असते, पण फील्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आपत्तीच्या जागी उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाच्या, पथकात नाव नोंदवायची ती वेळ नव्हे. २०१० च्या हैती भूकंपात परवाने, साहित्य आणि समन्वय नसलेली कित्येक पथके पोहोचली, त्याचा त्रास रुग्णांनाच झाला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष प्रसिद्ध केले. २०२१ मध्ये ते सुधारले.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. ही संघटना पथकांची पडताळणी करते, एकेकट्या डॉक्टरची नाही. तुमचा अर्ज पथक चालवणाऱ्या संस्थेकडे जातो, तोही आपत्ती येण्याआधी.

कायम नोंदणी असलेले आणि सध्या प्रत्यक्ष रुग्णसेवेत असलेले डॉक्टर, नर्स, भूलतज्ज्ञ, सुईणी, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट अर्ज करू शकतात. मोठ्या पदवीपेक्षा कमी साधनांत काम निभावण्याची तयारी जास्त मोलाची. भूकंपानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जखमींची गर्दी असते. मग बाळंतपणे, ताप-जुलाब, औषध तुटलेले मधुमेही येऊ लागतात. म्हणून फक्त सर्जनांनी भरलेली यादी कामाची नसते. पाणी, वीज आणि निर्जंतुकीकरण सांभाळणारी माणसेही तितकीच लागतात.

कागदपत्रांत पदवी, चालू नोंदणी प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, जीवरक्षण प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, लसीकरणाची नोंद (हिपॅटायटिस बी, धनुर्वात आणि जायचे ठिकाण पाहून इतर) आणि तातडीच्या संपर्काचा तपशील लागतो. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर तिचे प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत.

खरी अडचण दोन कागदांची. एक, ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही असा नोंदणी परिषदेचा दाखला. याची मुदत कमी असते, त्यामुळे जुना चालत नाही. दुसरा, नोकरीच्या ठिकाणचे लेखी संमतीपत्र. तोंडी ‘जा, बघू’ यावर विसंबू नका. ऐन वेळी रजा नाकारली गेली की पथकाची जागा रिकामी राहते. विमा आणि व्यावसायिक दायित्वाचे संरक्षण कोण देणार, तेही लेखी घ्या.

पथक आखणाऱ्यांनी नावे मोजू नयेत, पाळ्या मोजाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत टाइप २ म्हणजे शस्त्रक्रियेची सोय असलेले फील्ड हॉस्पिटल. त्यात किमान एक ऑपरेशन टेबल, २० खाटा, रोज ७ मोठ्या किंवा १५ लहान शस्त्रक्रियांची क्षमता आणि २४ तास सेवा अपेक्षित आहे. दर २० खाटांमागे किमान एक पुनर्वसन तज्ज्ञही हवा. १२ तासांची पाळी धरली तरी प्रत्येक जागेला रोज दोन माणसे लागतात. आजारपण आणि सुट्टी धरली तर तिसरे. शिवाय पहिली तुकडी थकण्याआधी दुसरी पोहोचायला हवी. यादीतल्या सगळ्यांना एकाच वेळी रजा मिळत नाही, म्हणून माझ्या मते प्रत्येक पदामागे निदान तीन तयार नावे असावीत. नर्सच्या बाबतीत त्याहूनही जास्त, कारण खाटांशेजारची रात्र त्याच काढतात.

अर्जानंतर मुलाखत, कागदपत्रांची मूळ स्रोताकडून खातरजमा, प्रशिक्षण आणि तंबूतला सराव, मगच राखीव यादीत नाव. आपत्तीग्रस्त देशाने मदत मागितल्यावर किंवा स्वीकारल्यावरच पथक निघते. तिथे उतरल्यावर स्वागत केंद्रात नोंद करावी लागते आणि काम करण्याची परवानगी तिथले आरोग्य खाते देते. त्यासाठी पदवी आणि नोंदणीच्या प्रती प्रत्येकाने स्वतःजवळही ठेवाव्यात.

बोलावणे आले की हो किंवा नाही लगेच कळवा. घरचे आजारपण असेल तर नाही म्हणण्यात कमीपणा नाही, पुढच्या माणसाला तयारीला वेळ मिळतो. परतल्यावर आरोग्य तपासणी करून घ्या आणि मुदत संपत आलेले कागद नव्याने जमा करा, म्हणजे राखीव यादीतले नाव चालू राहते.