शंभराच्या दोन की दोनशेच्या?

इंग्रजीत ‘टू हंड्रेड-रुपी नोट्स’ लिहिलं तर शंभराच्या दोन नोटा. हायफन (शब्द जोडणारी छोटी आडवी रेघ) आणखी एका जागी पडला आणि ‘टू-हंड्रेड-रुपी नोट्स’ झालं, तर नोटा दोनशेच्या, आणि किती ते गुलदस्त्यातच. ऑगस्ट २०१७मध्ये आपल्याकडे दोनशेची नोट आली, तेव्हापासून दोन्ही अर्थ खरेच संभवतात.

मराठीत ही पंचाईत होत नाही. ‘शंभराच्या’ म्हटलं की कोण कुणाचं ते ‘च्या’नेच सांगून टाकलं. इंग्रजी शब्द मात्र प्रत्ययाविना नुसते रांगेत उभे असतात; त्यातल्या कुणी कुणाचा हात धरलाय, हे हायफन दाखवतो.

म्हणून नामाच्या आधी ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’, पण नामानंतर ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’. तसंच ‘अ वेल-नोन ऑथर’, पण ‘द ऑथर इज वेल नोन’. नाम आधीच येऊन गेलं, की पुढे चुकून चिकटायला कुणी उरत नाही. (हायफनवाल्या जोडीत ‘इयर’ एकवचनी राहतो. ‘फाइव्ह-इयर्स-ओल्ड’ ही चूक चांगल्या चांगल्यांच्या हातून होते.)

‘हायली पेड ऑफिसर’मध्ये मात्र आधी असूनही हायफन नको. इथे ‘ली’ जवळजवळ आपल्या ‘च्या’चं काम करतो: ‘हायली’ पुढच्या ‘पेड’लाच लागणार, ऑफिसरला लागूच शकत नाही. पण शेवटी ‘ली’ दिसला की हायफन काढायचा, असंही नाही. ‘फॅमिली’ हे नाम आहे, म्हणून ‘फॅमिली-ओन्ड हॉटेल’.

ऑफिसच्या मेलमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ ‘फॉलो अप’चा. ‘आय विल फॉलो अप’ हे क्रियापद, ते सुटं. ‘फॉलो-अप मीटिंग’ला हायफन. याच धर्तीवर ‘लॉग इन’ सुटं, पण त्याचं नाम ‘लॉगिन’ थेट जोडून! इथे तर्क लढवू नये, सरळ शब्दकोश उघडावा, आणि तोही नवा. ‘शॉर्टर ऑक्सफर्ड’च्या २००७च्या सहाव्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकले. ‘आइस क्रीम’ सुटं झालं, ‘बम्बलबी’ जोडलं गेलं. शाळेत घोकलेलं स्पेलिंग त्यामुळे आज जुनं ठरलेलं असू शकतं.

एका ठिकाणी मात्र कंजुषी अजिबात चालत नाही. ‘री-साइन’ म्हणजे पुन्हा करार करणं, ‘रिझाइन’ म्हणजे राजीनामा देणं. उच्चार वेगळे, पण अक्षरं तीच. मध्ये फक्त एक आडवी रेघ. ती गळाली, तर क्लबशी करार वाढवलेला खेळाडू बातमीत क्लब सोडून गेलेला असतो.