चुका जुळल्या की नाती कळतात

फूलस्केप कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी आखायच्या. सगळ्यांत वर श्लोकाचा एक चरण, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ, आणि त्या पोथीत जिथं वेगळं अक्षर असेल तिथं, नेमक्या त्याच रकान्यात, ते नोंदवायचं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाहून ठरवलेली आवृत्ती, अशा तक्त्यांवर उभी केली. काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९६६ मध्ये पुरं झालं, आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली.

आज जनुकशास्त्रज्ञ निरनिराळ्या सजीवांचे डीएनए एकाखाली एक मांडतात, तो तक्ता थेट असाच दिसतो. हे साम्य वरवरचं नाही, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. मूळ हरवलंय, नकलांच्या नकला उरल्यात, आणि प्रत्येक नकलेत थोडे थोडे बदल झालेत. तर कोण कुणापासून निघालं?

उत्तर शोधायला चुकाच उपयोगी पडतात. दोन पोथ्यांत एखाद्या ठिकाणी एकच बरोबर पाठ, म्हणजे तीच मूळची शब्दरचना, सापडला तर त्यावरून त्यांचं जवळचं नातं ठरत नाही. तो मुळातूनच दोघींकडे आलेला असू शकतो. पण दोन्हींत नेमकी तीच ओळ गळली असेल, तोच शब्द तसाच बिघडला असेल, तर त्या एकाच बिघडलेल्या प्रतीच्या लेकी असण्याची शक्यता मोठी. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये सजीवांसाठी हाच नियम काटेकोरपणे मांडला. माणसाला पाच बोटं, सरड्यालाही पाच, घोड्याला मात्र एकच खूर. म्हणून माणूस सरड्याच्या जवळचा ठरतो का? नाही. पाच बोटं हा जुना वारसा आहे. अंगावरचे केस आणि पिलांना दूध पाजणं या नंतर आलेल्या गोष्टी माणूस आणि घोडा या दोघांत आहेत, म्हणून नातं त्यांचं.

१९२५ मध्ये महाभारताच्या कामाची सूत्रं हाती घेणारे विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले होते, मग बर्लिनमध्ये संस्कृताचे अभ्यासक झाले. त्यांच्या पद्धतीत ती गणिती शिस्त दिसते. काश्मीरची शारदा लिपीतली परंपरा आणि दक्षिणेतल्या पोथ्या एकमेकींपासून फार दूर वाढलेल्या. तरीही जिथं त्या एकमतानं बोलतात तो पाठ जुना मानायचा. या कसोटीवर गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची लाडकी कथा आदिपर्वाच्या मुख्य पाठातून परिशिष्टात गेली.

यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढे घडलेलं. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाल्यानंतर नेपाळातली एक जुनी पोथी राजगुरू हेमराज यांच्यामुळे सुकथनकरांच्या हाती आली. त्यांनी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेले, ठरवलेले अनेक भाग तिच्यात नव्हतेच. एवढंच नव्हे, हाताशी असलेल्या पोथ्यांचा आधार नसताना केवळ तर्कानं त्यांनी सुचवलेल्या काही दुरुस्त्या तिच्यात चक्क लिहिलेल्या होत्या. अनुमान आधी, पुरावा नंतर: विज्ञानात सिद्धांताची परीक्षा याहून वेगळी होत नाही.

वंशवृक्ष मात्र नेहमी इतका सरळ वाढत नाही. लेखनिकासमोर दोन पोथ्या असल्या की तो एकीतलं थोडं, दुसरीतलं थोडं घेतो. सतराव्या शतकात कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातल्या नीलकंठानं काशीत बसून महाभारताच्या देशोदेशीच्या पोथ्या जमवल्या आणि त्यांतले आपल्याला उत्तम वाटले ते पाठ निवडले. त्याआधी, १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. या कष्टांबद्दल आपण ऋणी आहोतच, पण अशा सरमिसळीनंतर फांद्या एकमेकींत गुंततात. जीवाणूही शेजाऱ्याकडून जनुकं उचलतात, तेव्हा जीवशास्त्रज्ञांपुढे हाच गुंता उभा राहतो.

१९९८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हाव आणि त्यांच्या साहित्य-अभ्यासक सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका प्रस्तावनेच्या पंधराव्या शतकातल्या ५८ प्रती त्यांनी घेतल्या आणि उत्क्रांतीच्या अभ्यासासाठी केलेल्या संगणक-पद्धतीनं त्यांची नाती काढली. सरमिसळीच्या प्रती बाजूला ठेवाव्या लागल्या. उरलेल्या जाळ्याच्या मध्याशी जी मूळ प्रत असावी, ती चॉसरची पक्की प्रत नसून खाडाखोडीचा, अजून चालू असलेला खर्डा असावा, असं त्यांचं अनुमान.

महाभारताचं मूळही कुणाच्या हाती लागलेलं नाही. चिकित्सक आवृत्ती म्हणजे व्यासांचा मूळ ग्रंथ, असं सुकथनकर कधीच म्हणाले नाहीत. उपलब्ध पोथ्यांवरून जितकं मागं जाता येतं तितका जुना पाठ, एवढाच त्यांचा दावा. वगळलेल्या ओळी तळटीपांत आणि परिशिष्टांत छापल्या आहेत, कुठल्या पोथीत कुठला पाठ आहे याच्या खुणांसह. त्यांचा निर्णय न पटणाऱ्यालाही तोच पुरावा घेऊन वेगळा पाठ मांडता येतो.