फ्रँक शॉनेसी

फ्रँक शॉनेसी (८ एप्रिल १८८३ – १५ मे १९६९) : कॅनेडियन फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉलसारखा, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा खेळ) जडणघडणीतील अमेरिकन वंशाचे खेळाडू व प्रशिक्षक. जन्म इलिनॉय राज्यातील अँबॉय येथे. नोत्र दाम विद्यापीठात ते फुटबॉल संघाचे कर्णधार होते. १९०४ मध्ये कॅन्सस विद्यापीठाविरुद्ध प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलून ते १०७ यार्ड धावले. पुढे अमेरिकन मैदानाची लांबी ११० वरून १०० यार्डांवर आली, त्यामुळे हा विक्रम आता मोडणे शक्यच नाही. त्यांनी बेसबॉलच्या अव्वल साखळीतही नशीब अजमावले, पण वॉशिंग्टन व फिलाडेल्फिया या दोन संघांकडून मिळून नऊच सामने खेळायला मिळाले.

१९१२ मध्ये माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठाने त्यांना प्रशिक्षक म्हणून पगारावर नेमले. तेव्हा कॅनडातील विद्यापीठीय खेळ हौशी मंडळींच्या हाती होता, आणि तिथे पगारी माणूस, तोही अमेरिकन, हे अनेकांच्या पचनी पडले नाही. मॅगिलने मात्र त्याच वर्षी आणि १९१३ मध्ये आंतरविद्यापीठीय येट्स चषक जिंकला. महायुद्धानंतर १९१९ मध्ये तो पुन्हा मिळवला.

शॉनेसींचे नाव मुख्यतः ‘फॉरवर्ड पास’शी जोडले जाते. अमेरिकेत चेंडू हाताने पुढे फेकायला १९०६ पासूनच परवानगी होती. कॅनडात रग्बीचे संस्कार घट्ट होते. चेंडू बाजूला वा मागे द्यायचा, नाहीतर लाथेने मारायचा, एवढेच मान्य. शॉनेसींनी याविरुद्ध वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९२१ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाविरुद्धच्या प्रदर्शनी सामन्यात मॅगिलने असे पास फेकूनही दाखवले. पण सर्वत्र मान्यता यायला १९३१ उजाडले. तोवर त्यांनी मॅगिलचे प्रशिक्षकपद सोडले होते. सुधारणा मागणाऱ्याला तिचा लाभ मिळाला नाही, असेच म्हणावे लागेल.

मधल्या काळात त्यांनी ओटावाच्या आइस हॉकी व बेसबॉल संघांचे व्यवस्थापनही पाहिले. बेसबॉलमध्ये त्यांचा ठसा बहुधा फुटबॉलपेक्षाही ठळक उमटला. महामंदीत प्रेक्षक आटले तेव्हा, १९३३ मध्ये, त्यांच्या सूचनेवरून इंटरनॅशनल लीग या दुय्यम स्तरावरील बेसबॉल साखळीने पहिल्या चार संघांमध्ये बाद फेरी घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे अव्वल क्रमांक हातचा गेलेल्या संघांच्या सामन्यांनाही शेवटपर्यंत गर्दी टिकू लागली. ही ‘शॉनेसी पद्धत’ इतर साखळ्यांनीही उचलली. १९३६ ते १९६० ते या लीगचे अध्यक्ष होते. पुढे अव्वल साखळीतील वर्णभेदाची भिंत मोडणारे कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९४६ मध्ये माँट्रियल रॉयल्सकडून याच लीगमध्ये खेळले.

१९६३ मध्ये कॅनेडियन फुटबॉलच्या गौरवदालनातील पहिल्या मानकऱ्यांत शॉनेसींची निवड झाली. त्यांचे निधन माँट्रियलमध्येच झाले. मॅगिल व काँकॉर्डिया या शहरातील दोन विद्यापीठांच्या फुटबॉल लढतीतील चषकाला त्यांचे नाव आहे.