हायब्रिड टर्बो (डिझेल)

हायब्रिड टर्बो : दोन किंवा अधिक वेगवेगळ्या टर्बोचार्जरांचे भाग जुळवून बांधलेला टर्बो. बहुतेक वेळा मूळ टर्बोची टर्बाइनची बाजू तशीच ठेवून तिच्या जोडीला मोठ्या टर्बोचा कॉम्प्रेसर बसवतात. विद्युत मोटर जोडलेल्या टर्बोलाही हल्ली हेच नाव देतात. तो प्रकार या नोंदीत घेतलेला नाही.

एक्झॉस्टमधून बाहेर पडणारा गरम वायू टर्बाइनचे चाक फिरवतो आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला असलेले कॉम्प्रेसरचे चाक इंजिनात हवा कोंबते. या दोन बाजूंच्या मध्ये बेअरिंग, ऑइलच्या वाटा आणि सील असलेला तुकडा असतो. त्याला गॅरेजात ‘कोअर’ म्हणतात. टर्बाइनचे चाक निकेलप्रधान मिश्रधातूचे असते आणि घर्षणाने शाफ्टला वेल्ड केलेले असते, म्हणून शाफ्ट आणि चाक हा एकच नग. कॉम्प्रेसरचे चाक मात्र अॅल्युमिनियमचे असून शाफ्टवर सरकवून नटाने आवळलेले असते. बऱ्याच टर्बोंत या नटाचे आटे उलटे असतात, आणि नवखा माणूस तिथेच शाफ्ट पिळून ठेवतो. थंड, म्हणजे कॉम्प्रेसरच्या, बाजूचे चाक बदलता येते म्हणूनच हायब्रिड शक्य होतो. गरम, म्हणजे टर्बाइनची, बाजू न हलवल्याने एक्झॉस्ट मॅनिफोल्डची फ्लँज (जोडाची चकती), ऑइलच्या नळ्या आणि सायलेन्सरचा जोड जागच्या जागी राहतात, ही त्यातली मोठी सोय.

टर्बोचे पहिले पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचे, १९०५ सालचे. हायब्रिडची कल्पना त्यानंतर बरीच उशिरा रुजली. गॅरेट कंपनीच्या टी३ टर्बाइनवर टी४ घराण्यातला कॉम्प्रेसर चढवलेला ‘टी३/टी४’ जगभर प्रसिद्ध आहे. कमिन्सच्या ५.९ लिटर, सहा सिलिंडरच्या इंजिनावर होल्सेट कंपनीच्या एचएक्स३५ टर्बोची गरम बाजू आणि एचएक्स४० चा कॉम्प्रेसर ही जोडीही तितकीच रुळलेली.

पुण्यात हे काम करणारे हात सापडतात याचे कारण इथला डिझेलचा वारसा. खडकीचे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (१९४६), कोथरूडचे कमिन्स इंडिया (१९६२), पिंपरीची टेल्को म्हणजे आताची टाटा मोटर्स आणि आकुर्डीची बजाज टेम्पो म्हणजे आताची फोर्स मोटर्स यांच्याभोवती सुटे भाग घडवणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे उभे राहिले. भोसरीच्या एमआयडीसीत मायक्रॉन सांभाळणारा टर्नर शोधावा लागत नाही. रांजणगावला बनलेले फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट इंजिन ७५ अश्वशक्तीच्या रूपात साध्या टर्बोसह आणि ९० अश्वशक्तीच्या रूपात बदलत्या कोनाच्या पात्यांच्या टर्बोसह आले. तेच इंजिन निराळ्या टर्बोने किती निराळे वागते, हे इथल्या मेकॅनिकांनी कारखान्याच्याच मालावर पाहिले आहे. सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजारही आहे. जुन्या बाजारातले हौसिंग (चाकाभोवतीचे कवच) तडा नसेल तर घ्यावे. शाफ्ट कधीही घेऊ नये.

बांधणीत पहिले काम लेथवर होते. मोठ्या चाकासाठी कॉम्प्रेसर हौसिंगचे तोंड वाढवावे लागते आणि आतली वळणदार भिंत पात्यांच्या कडेशी समांतर कापावी लागते. पाते आणि भिंत यांत मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच फट असते. ती जास्त झाली तर हवा मागे गळते, कमी झाली तर चाक घासते. चाकामागची बॅकप्लेट त्याच मापाने कापतात. चाकाचे भोक आणि शाफ्टचा व्यास जुळला नाही तर बुश घालून भागवू असे कोणी म्हणाले, तर त्या गॅरेजातून उठून यावे. शेवटी दोन्ही हौसिंग कोअरभोवती फिरवून तोंडे पाइपांच्या दिशेला आणतात आणि आवळतात.

चाकाचे माप ‘ट्रिम’ने सांगतात : आत येण्याच्या बाजूचा व्यास भागिले बाहेर पडण्याच्या बाजूचा व्यास, त्याचा वर्ग गुणिले १००. ४२ आणि ५६ मिलिमीटरच्या चाकाचा ट्रिम ५६ येतो. ग्राहक हा आकडा विचारतात, पण खरी मेख गरम बाजूत असते. लहान टर्बाइनवर मोठा कॉम्प्रेसर चढवला की हवा वाढते, पण वाढलेला एक्झॉस्ट बाहेर पडायला वाट तेवढीच उरते. टर्बाइनआधीचा दाब बूस्टच्या, म्हणजे कॉम्प्रेसरने वाढवलेल्या हवेच्या दाबाच्या, फार वर गेला की इंजिन स्वतःचाच धूर ढकलण्यात ताकद घालवते आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. म्हणून हायब्रिड बसवणाऱ्याने बूस्टच्या गेजआधी एक्झॉस्टच्या तापमानाचे गेज लावावे.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, याचाही हिशेब धरावा लागतो. इथला हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल, मुंबईत तो १०१. हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये २०० किलोपास्कल निरपेक्ष (वातावरणाचा धरून एकूण) दाब हवा असेल तर मुंबईत कॉम्प्रेसरला हवा १.९८ पट दाबावी लागते, पुण्यात २.११ पट. त्यासाठी शाफ्ट जास्त वेगाने फिरतो. मुंबईत जेमतेम पुरणारा कॉम्प्रेसर इथे आपल्या मर्यादेच्या जवळ जातो आणि महाबळेश्वरला आणखी.

उलट बाजूला ‘सर्ज’ असतो. दिवे घाटात भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन चढवली की मोठा कॉम्प्रेसर दाब तयार करतो, पण इंजिन तेवढी हवा गिळू शकत नाही. हवा चाकातून मागे उसळते, फडफड ऐकू येते आणि प्रत्येक फडफडीचा दणका थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) बसतो. डिझेलमध्ये सहसा पेट्रोलसारखा थ्रॉटल मिटत नसल्याने पाय उचलल्यावरचा सर्ज कमी, घाटातला मात्र खरा. चाके बदलल्याने शाफ्टवरचा अक्षीय रेटाही बदलतो. म्हणून काही टर्बोंत २७० अंशांच्या थ्रस्ट बेअरिंगऐवजी ३६० अंशांचे घालतात.

बॅलन्सिंगवर पैसे वाचवणारे सगळ्यात जास्त, आणि फसणारेही तेच. शाफ्ट मिनिटाला दीड लाख फेऱ्या घेत असेल, तर केंद्रापासून २० मिलिमीटरवरचे एक मिलिग्रॅम जास्तीचे वजन सुमारे ५ न्यूटनचा, म्हणजे अर्धा किलोच्या भाराएवढा, झटका सेकंदाला २,५०० वेळा सर्व दिशांना फिरवते. त्याच वेगाला ६० मिलिमीटरच्या चाकाची कड सेकंदाला ४७० मीटर धावते. चाके सुटी बॅलन्स केल्यावर जुळवलेला कोअर मशीनवर ऑइलच्या दाबाखाली पुन्हा फिरवून पाहावा लागतो. सुटी चाके बॅलन्स आहेत एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही.

बसवल्यानंतर ‘टर्बो ऑइल मारतो’ ही तक्रार आली तर दोष नेहमी सीलचा नसतो. या सीलमध्ये रबर नसते, पिस्टन रिंगसारखी धातूची कडी असते. ऑइल परत जाण्याची नळी वाकलेली किंवा गॅस्केटच्या गोंदाने अर्धी बुजलेली असली, तर चांगला कोअरही तेल फेकतो.

नुसता टर्बो बदलून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या कॉमन रेल गाडीला पिकअप फारसे येत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरलेल्या बूस्टवरच थांबतो आणि ठरलेलेच डिझेल देतो, त्यामुळे तो रीमॅप करावा, म्हणजे त्यातले आकडे बदलावे, लागतात. यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनात हेच काम पंपाच्या स्क्रूवर होते, आणि तिथेच हात सैल सुटून मागे काळ्या धुराचा लोट निघतो.

कायद्याची बाजू साफ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. पीयूसीत डिझेलचा धूर गाडी उभी असताना, गिअर न टाकता एकदम अॅक्सिलरेटर दाबून मोजतात. बीएस४ गाड्यांना मर्यादा ५० हार्ट्रिज एकके (धुराच्या काळेपणाचे माप), त्याआधीच्यांना ६५. मोठा कॉम्प्रेसर नेमका त्याच क्षणी फिरायला उशीर करतो, त्यामुळे रस्त्यावर स्वच्छ धावणारी गाडीही तिथे नापास होऊ शकते.