‘लॉस्ट’ आणि ‘हॅव लॉस्ट’: फरक नेमका कशाचा?

‘आय लॉस्ट माय की’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’ या दोन्ही वाक्यांत किल्ली हरवलेली आहे आणि ती केव्हा हरवली हे दोन्हींतून कळत नाही. तरीही कुलूपबंद दाराबाहेर उभा असलेला लंडनकर सहसा दुसरे वाक्य उच्चारतो, कारण किल्ली अजून सापडलेली नाही हे त्यातून आपोआप सूचित होते. पहिल्या वाक्याला ‘बट देन आय फाउंड इट’ ही पुस्ती सहज जोडता येते, दुसऱ्याला जोडली की ती कानाला खटकते.

‘हॅव लॉस्ट’सारखा पूर्ण वर्तमानकाळ ‘नुकत्याच’ घडलेल्या क्रियेसाठी असतो, हा शाळेत पाठ करून घेतला जाणारा नियम फारसा उपयोगाचा नाही. ‘आय हॅव बीन टू दिल्ली’ म्हणणारा माणूस चाळीस वर्षांपूर्वी दिल्लीला गेलेला असू शकतो. उलट ‘आय सॉ हिम अ मिनिट अगो’ यात एकच मिनिट लोटले असूनही साधा भूतकाळच वापरावा लागतो.

हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 मध्ये या कोड्याची उकल मांडली. घटनेचा क्षण आणि बोलण्याचा क्षण यांच्या जोडीला त्याने तिसरा, संदर्भाचा क्षण धरला. म्हणजे बोलणारा ज्या ठिकाणावरून घटनेकडे पाहतो तो क्षण. साध्या भूतकाळात बोलणारा मनाने घटनेपाशीच जाऊन उभा राहतो, तर पूर्ण वर्तमानकाळात तो आजच्या क्षणी उभा राहून मागे पाहतो. ‘यस्टर्डे’सारखे शब्द संदर्भाचा क्षण ठरवतात असे मानले, तर ‘हॅव सीन’सोबत ते का चालत नाहीत याचेही उत्तर मिळते.

हे उत्तर सुबक आहे, पण पुरेसे नाही. वोल्फगांग क्लाइन या भाषावैज्ञानिकाने 1992 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे जर्मन भाषेत असाच साहाय्यक क्रियापदाचा काळ ‘काल’ या शब्दासोबत बिनदिक्कत वापरला जातो. मराठीतही ‘त्यांनी काल पत्र पाठवले आहे’ हे निर्दोष वाक्य आहे. त्यामुळे एखादा मराठी कारकून ‘आय हॅव सेंट द लेटर यस्टर्डे’ असे लिहितो तेव्हा तो निष्काळजीपणा नसून आपल्या भाषेची चोख शिस्त पाळणे असते.

याहून मजेदार कोडे आइन्स्टाइनचे आहे. 1955 मध्ये त्याचे निधन झाले, म्हणून आज ‘आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन’ हे वाक्य इंग्रजी कानांना विचित्र वाटते. मात्र ‘प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइन्स्टाइन’ हे कर्मणी रूप चालून जाते. घटना तीच आणि काळही तोच, पण दुसऱ्या वाक्याचा विषय असलेले प्रिन्स्टन अजून जागेवर आहे! वाक्य ज्याच्याविषयी आहे त्याचे आज अस्तित्वात असणेही येथे क्रियापदाच्या रूपाला हवे असते.

अर्थात, सगळे इंग्रजी भाषक हा काटेकोरपणा सारखाच पाळत नाहीत. ‘हॅव यू ईटन यट?’ या ब्रिटिश प्रश्नाऐवजी अमेरिकेत ‘डिड यू ईट यट?’ सर्रास ऐकू येते. ऑस्ट्रेलियात गाडी अगदी उलट दिशेला गेली आहे: तेथील पोलीस माध्यमांना गुन्ह्याचा वृत्तांत देताना संशयित अमुक वाजता दुकानात ‘हॅज एंटर्ड’, मग ‘हॅज फ्लेड’, अशी वेळेसकट सगळी हकिगत पूर्ण वर्तमानकाळातच सांगतात.