उसाचा जीनोम जुळायला इतका उशीर का झाला?

डीएनए वाचनाची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या वर्षअखेरीस कामाचा आढावा मांडतात. पॅकबायोसारख्या कंपनीच्या कामात दोन विषय ठळक असतात : जीनोमची, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएची, जुळवणी आणि सूक्ष्मजीवांचा अभ्यास. वरवर वेगळे दिसले, तरी दोन्हींची अडचण एकच. साताऱ्याच्या फलटण तालुक्यात, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र ज्या पिकावर काम करते, त्यात ती सर्वांत ठळक दिसते.

कोणतेही यंत्र गुणसूत्र एका दमात वाचत नाही. तुकडे वाचायचे आणि संगणकावर जोडायचे. जुनी स्वस्त यंत्रे डीएनएच्या दीडशे-तीनशे अक्षरांचेच (घटकांचेच) तुकडे देत. एकसारखे भाग जिथे पुन्हापुन्हा येतात, तिथे जुळवणी फसते. २००३ मध्ये मानवी जीनोम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी सुमारे आठ टक्के भाग राहिलाच होता. तो २०२२ मध्ये भरला.

उसाचे प्रकरण त्याहून अवघड, आणि त्याला कारण आपणच. कोईमतूरच्या केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी गोड ऊस आणि रानटी काटक ऊस यांचा संकर केला. १९१८ मध्ये 'को २०५' हा वाण आला. पुढचे जवळपास सगळे वाण या वाटेने आले. गोडवा आणि काटकपणा एकत्र आला, पण पेशीत शंभरावर गुणसूत्रे गोळा झाली, एकेका जनुकाच्या कित्येक प्रती. एकाच गटातल्या दहा भाऊबंदांचे सातबारे फाडून ढीग करावा, तशी ही स्थिती.

तोडगा लांब तुकड्यांत होता. पॅकबायोने २०१९ मध्ये मांडलेल्या 'हायफाय' पद्धतीत डीएनएचा तुकडा गोलाकार करून तोच पुन्हापुन्हा वाचतात. त्यामुळे दहा-वीस हजार अक्षरे सलग आणि जवळपास बिनचूक मिळतात. ही पद्धत आणि इतर तंत्रे वापरून २०२४ मध्ये 'आर ५७०' वाणाचा सुमारे ८७० कोटी अक्षरांचा जीनोम प्रसिद्ध झाला. मानवी जीनोम साधारण ३०० कोटींचा. मात्र 'आर ५७०' रियुनियन बेटावरचा. आपल्याकडच्या ८६०३२ किंवा पाडेगावच्या २६५ या वाणांना तो नकाशा म्हणून चालेल, जसाच्या तसा लागू होणार नाही.

आता सूक्ष्मजीव. ब्राझीलमध्ये उसाच्या आतच राहून नत्र स्थिर करणारा जिवाणू सापडला, १९८८ मध्ये त्याचे वर्णन झाले. आपल्याकडे बेणेप्रक्रियेत वापरतात तो अ‍ॅसिटोबॅक्टर हाच. मातीच्या चिमटीत मात्र असंख्य जिवाणूंचे तुकडे मिसळलेले असतात आणि एकाच प्रजातीचे स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, एकमेकांशी इतके सारखे, की आखूड तुकड्यांतून वेगळे काढताच येत नाहीत. म्हणजे पुन्हा तोच सातबाऱ्यांचा ढीग. बेण्याला लावलेला स्ट्रेन तोडणीपर्यंत टिकला, की शेतातल्या जुन्या स्ट्रेनने त्याची जागा घेतली, हे प्रजातीच्या नावावरून कळत नाही. त्यासाठी त्या स्ट्रेनचा जीनोमच सलग हाती यावा लागतो.