577 धावांची भागीदारी आणि बडोद्याचे दोन देश

स्मित पटेल 2012 मध्ये भारताकडून 19 वर्षांखालील विश्वचषक जिंकला, शेवटी बडोद्याकडून खेळला आणि 2021 मध्ये इथल्या क्रिकेटला रामराम ठोकून अमेरिकेला गेला. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेचा कर्णधार होता मोनांक पटेल, आमच्या शेजारच्या आणंदचा. पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर (बरोबरीनंतरचं निर्णायक षटक) टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईचा. 'मग ही पोरं नेमकी कुणाची?' या प्रश्नावर आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात चहा थंड होईपर्यंत वाद घालता येतो. बडोद्याला मात्र हा प्रश्न नवा नाही.

मार्च 1947. रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोद्यातच, समोर होळकरांचा संघ. होळकर 202 वर आटोपले. बडोद्याचे 3 बाद 91 झाले आणि सांगलीचे विजय हजारे यांच्या जोडीला लाहोरचा बुटका, डावखुरा गुल महंमद आला. दोघांनी 577 धावा जोडल्या. गुल 319, हजारे 288. कुठल्याही विकेटसाठीचा हा विश्वविक्रम 2006 मध्ये श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धनेंनी मोडला. सामना बडोद्याने एक डाव आणि 409 धावांनी जिंकला.

सांगली आणि लाहोर एका संघात कसे? कारण संस्थानी होतं. राजेरजवाडे चांगले खेळाडू हेरून आपल्याकडे आणत. गायकवाडांनी हजाऱ्यांना संस्थानच्या फौजेत हुद्दा दिला होता. तेव्हा तुम्ही कुठले, हे जन्मगावावरून नव्हे, चाकरीवरून ठरे. त्यात कुणाला गैर वाटत नसे.

पाच महिन्यांनी फाळणी झाली. भारत आणि पाकिस्तान अशा दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले खेळाडू अवघे तीन: अब्दुल हफीझ कारदार, अमीर इलाही आणि गुल महंमद. यातले शेवटचे दोघे बडोद्याचे! कारदार पुढे पाकिस्तानचे पहिले कर्णधार झाले, म्हणून गाजावाजा त्यांचाच. अमीर इलाही भारताकडून एकच कसोटी खेळले, 1947 मध्ये सिडनीला. 1952-53 मध्ये पाकिस्तानचा संघ भारतात आला तेव्हा ते पाहुण्यांत होते. आणि गुल? त्याच मालिकेत तो भारताकडून खेळला. बडोद्याचे दोन लाहोरकर, दोन वेगवेगळ्या टोप्या. चार वर्षांनी, 1956 मध्ये, कराचीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध गुलच्या डोक्यावरही पाकिस्तानची टोपी आली. ही त्याची नववी आणि शेवटची कसोटी.

संस्थान 1949 मध्ये विलीन झालं, चाकरीचा तो धागा तुटला. पुढे सगळं कागदांवर आलं. भारतीय राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्व नाही, आणि 2008 पासून केंद्राचं धोरण असं की भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच हवा. परदेशी वाढलेल्या आपल्या खेळाडूंपुढे त्यामुळे आडपडदा नसलेला प्रश्न असतो: तिकडचं नागरिकत्व सोडणार का?

आयसीसी, म्हणजे क्रिकेटची जागतिक संघटना, मात्र सैल आहे. तीन वर्षांचं वास्तव्य पुरतं, पासपोर्ट लागत नाही. नोकरीसाठी गेलेला इंजिनिअर म्हणूनच अमेरिकेकडून खेळू शकतो. मला तर यात जुनी बडोदेशाहीच दिसते. पण 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आहे, आणि ऑलिम्पिकला वास्तव्य चालत नाही, नागरिकत्व लागतं.